दुसरं पान कापून टाक, अण्णा

माझी धाकटी बहीण मालू गेल्याला आता सहा आठवडे होत आले. त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी कचऱ्याचा रिकामा डबा रस्त्याच्या कडेवरून ढकलत गॅरेजकडे आणत होतो, आणि माझी भाची रिया दारात येऊन उभी राहिली. तिनं नुसती मान हलवली. मी डबा जागेवर लावला, झाकण नीट बसवलं आणि मग आत गेलो. डबा आधी का लावलास, असं मला नंतर कुणीतरी विचारलं. अर्ध्या वाटेत तसाच सोडला असता तर बहिणीनं तशातही डोळे उघडून मला झापलं असतं, म्हणून लावला... आता एक गोष्ट सांगतो, ती वाचून काही लोक मला नावं ठेवतील. तिच्या पलंगाशी उभा राहिल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते 'सुटलो' असं. ती सुटली असं सगळे म्हणतात, ते वेगळं. मी सुटलो होतो. आम्हा बहीणभावाचा अबोला सात महिने चालला होता आणि तो मोडून तेवीस दिवस झाले होते. ते तेवीस दिवस मिळायच्या आधी ती गेली नाही. गेली असती, तर हा लेख लिहायला मला तोंड राहिलं नसतं.

मी इचलकरंजीचा. शाळा चौथीपर्यंत, पुढं माग. मालू माझ्याहून सात वर्षांनी धाकटी, ती शिकत शिकत पार एम.एस्सी. झाली, लग्न करून टेक्सासला आली. आमचे नातेवाईक सांगतात की अण्णानं बहिणीच्या शिक्षणासाठी शाळा सोडली. खोटं आहे. मला शाळा आवडत नव्हती, मागांचा खडखडाट आवडायचा. मालूला हे माहीत होतं, तरी लोकांसमोर तिनं ते कधी खोडून काढलं नाही. मी जॉबर झालो, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा. कारखान्यात शिरलं की नुसत्या आवाजावरून मी सांगायचो, त्या कोपऱ्यातल्या मागाचा धोटा अडकतोय. इंजिनियर येऊन पुस्तक उघडेपर्यंत माझा माग चालू झालेला असायचा. हा अभिमान मला होता आणि आहे. बायको गेल्यावर मी एकटा राहिलो, तेव्हा मालूनं माझे अमेरिकेला यायचे कागद भरले. ते मंजूर व्हायला इतकी वर्षं लागली की मध्ये तिचे यजमानही गेले. शेवटी मी अर्विंगला तिच्या घरी आलो, ती, मी आणि रिया. मी आलो ते तिला सोबत म्हणून. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगायचो.

मालू पाणी तपासायच्या लॅबमधून रिटायर झाली. तिच्या वयाच्या बायका इथं योगाला जातात, भजनी मंडळ काढतात. हिनं विनोदी स्क्रिप्ट लिहायला शिकायचं ठरवलं. पुण्यात केदार म्हणून एक मुलगा आहे, इंटरनेटवरच्या एका चॅनलसाठी दहा-बारा मिनिटांचे विनोदी भाग तयार करतो, आणि तोच व्हिडिओ कॉलवर क्लास घेतो. मी म्हटलं, "विनोद काय शिकून येतो होय?" ती म्हणाली, "तुला माग शिकून आला की नाही?" पहिलं वर्षभर केदार तिचं सगळं लिखाण परत पाठवायचा. "मालूताई, हा किस्सा झाला, प्रवेश नाही." फरक काय म्हणून ती त्याच्याशी भांडली. तो म्हणाला, "किश्शात काहीतरी घडतं. प्रवेशात कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ते मिळत नसतं." त्यानंतर मालू एकेक प्रवेश आठ-आठ वेळा लिहायला लागली. नोकरीत जशी वेळेवर जायची तशी सकाळी नऊला टेबलाशी बसायची. हसत वगैरे काही लिहायची नाही, हिशेबनीस बसावा तशी कपाळाला आठ्या घालून.

लिहून झालं की ती मला स्वयंपाकघरात बसवायची, पुढ्यात गवार नाहीतर मेथी ठेवायची आणि वाचायला सुरुवात करायची. मी हसायचो नाही. हसणं मला जड जातं. मी आपला शेंगा मोडत बसायचो. मला वाटायचं, हिला भाजी निवडून हवी म्हणून मला बसवते. दोन वर्षांनी कळलं की ती वाचताना माझे हात बघत होती. हात थांबले की ओळीशेजारी पेन्सिलीनं बरोबरची खूण, चालू राहिले की ओळ बाद. एकदा मीच न राहवून म्हटलं, "इथं धोटा अडकला." "कुठं?" "ती सासू येऊन तेच पुन्हा सांगते तिथं. आम्हाला कळलंय की एकदा." दुसऱ्या दिवशी केदारनंही त्याच जागेवर बोट ठेवलं. तेव्हापासून माझ्या कानावरून गेल्याशिवाय एक पान पुण्याला गेलं नाही. तिसऱ्या वर्षी चॅनलनं तिचा पहिला भाग घेतला, मग दुसरा, मग महिन्याला एक ठरला. इथल्या कार्यक्रमात लोक तिची ओळख 'रायटर' अशी करून द्यायला लागले. ती म्हणायची, "थांबा, माझा इन्स्पेक्टर बाहेर गाडीत बसलाय." मी गाडीतच बसायचो. मला गर्दी आवडत नाही.

आता जिथून बिघडलं ते सांगतो. रियाला नवी नोकरी लागली म्हणून ती आम्हाला मेक्सिकन हॉटेलात घेऊन गेली. मला इंग्रजी वाचता येत नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कबूल करतोय, आणि तेही छापील. अशा वेळी माझी एक रीत होती. कार्ड उघडायचं, चष्मा सारखा करायचा, दोन मिनिटं शांत बघायचं आणि मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून "धिस" म्हणायचं. वेटर म्हणाला, "व्हेरी गुड चॉइस, सर." आलं काय, तर जाड हिरव्या मिरच्या, वर हिरवाच जाळ रस्सा. कोल्हापूरकडची मिरची मी जन्मभर खाल्ली, पण पहिल्या घासाला कान बंद झाले. मी दुसरा घास उचलला. मालूनं माझ्या ताटाकडं बघितलं आणि म्हणाली, "अण्णा, मला तुझंच खायचंय. दे इकडं, माझं तू घे." लहानपणापासून तिला दुसऱ्याच्या ताटातलं गोड लागायचं, म्हणून मी मोठ्या मनानं दिलं. तिच्या ताटात भात, घेवडा, चीज होतं, मी पोटभर जेवलो. तिनं तीन ग्लास पाणी पीत माझं संपवलं. वर मीच गाडीत तिला म्हटलं, "झेपत नाही तर मागून कशाला घेतेस?" रिया पुढच्या सीटवर हसायला लागली. मालू खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मालूनं लिहिलेलं स्किट होतं, तिच्या आग्रहानं त्या दिवशी मीही आत बसलो होतो. पडदा उघडला तर मेक्सिकन हॉटेल. एक म्हातारा, डोक्यावर माझ्यासारखीच लोकरीची टोपी, हातात मेन्यूकार्ड. ते काम करत होता नागपूरचा अभिजित, कंप्युटरवाला. त्यानं चष्मा सारखा केला, घसा साफ केला, आणि कार्ड उलटं धरलं. सगळा हॉल फुटला. माझ्या शेजारच्या काकू माझ्या गुडघ्यावर थाप मारून हसल्या... मी कार्ड कधीच उलटं धरलं नव्हतं. त्यावर चित्रं असतात, उलटं धरायला मी काय आंधळा आहे? मी उठलो, सगळ्यांच्या पायांवरून वाट काढत बाहेर पडलो आणि पार्किंगमध्ये गाडीशी उभा राहिलो. थंडीत. आतून अजून हशा येत होता, मग बराच वेळ शांत, मग टाळ्या. मी मनाशी म्हटलं, पुरतं सोललं मला हिनं. रिया बाहेर आली तेव्हा मी तिला बजावलं, "त्या नाटकाचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही. कुणीच." आणि रियानं ते पाळलं, तिच्या आईनं तर पाळलंच.

आमच्या घराण्यातल्या अबोल्याला नियम असतात. जेवण चुकवायचं नाही, काम चुकवायचं नाही, फक्त समोरासमोर शब्द नाही. मी म्हणायचो, "रिया, तुझ्या आईला सांग, पोस्टात पत्र आलंय." "मामा, शी इज राइट हिअर!" "तरी सांग." रिया कामाला गेली की मालू फ्रिजशी बोलायची. "कुणाला तरी बीपीच्या गोळीची आठवण राहत नाही वाटतं." मी खिडकीला उत्तर द्यायचो, "घेतली म्हणावं." हे वाचून हसू येईल, घरात राहून बघा. मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की मालूचं हृदय थकलंय आणि ऑपरेशन तिला झेपणार नाही. रियानं मला ते गाडीत सांगितलं, रडत रडत. "मामा, प्लीज यार. आता तरी बोल तिच्याशी." मी म्हटलं, "तिनं आधी बोलावं. चूक तिची आहे." असं म्हणालो खरा. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उठलो की आधी तिच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. आतून खोकल्याचा आवाज आला की मगच चहाचं आधण ठेवायचो. एखाद्या सकाळी आवाज आला नाही तर? हा एकच विचार दिवसभर डोक्यात, आणि तरी तोंड उघडत नव्हतं. बोललो असतो तर हरलो असतो, असं वाटायचं.

मग मी ठरवलं, तिनं मला स्टेजवर आणलं, आपण तिला आणायचं. बुधवारी सकाळी रिया तिला तपासणीला न्यायची तेव्हा मी पुण्याला केदारला फोन लावला. "मी मालूताईंचा भाऊ. मला क्लास लावायचाय. तिला कळता कामा नये." तो म्हणाला, "काका, तुम्ही लिहिता?" "चौथीपर्यंत लिहिलंय." तो इतका हसला की मला वाटलं, पहिल्या दिवशीच पास झालो. वहीत लिहून पानांचे फोटो पाठवायचे ठरले. मी नऊ पानं पाठवली. तिची शिस्त, तिचे डबे, तिचं सारखं शिकवणं, एकूणएक. पुढच्या बुधवारी केदार म्हणाला, "काका, ही फिर्याद आहे. फिर्याद ऐकून कोण हसेल? मला सांगा, या बाईला हवंय काय?" "मला छळायचंय तिला." "ते तुम्हाला वाटतं. तिला काय हवंय?" मी फोन ठेवून दिला. तीन आठवडे वही उघडली नाही. चौथ्या आठवड्यात त्याचाच फोन आला. "काका, राग सोडा. मालूताईंचं ते हॉटेलचं स्किट पुन्हा एकदा बघा. त्या म्हाताऱ्याला काय हवं होतं ते शेवटी कसं उलगडतं, बघा."

मी विचारलं, "शेवटी काय होतं?"

त्याला वाटलं असेल, म्हातारा विसराळू आहे.

मंडळानं व्हिडिओ टाकलेला होता. रियाच्या टॅबवर, खोलीचं दार लावून मी तो बघितला. मी जिथून उठलो होतो, त्याच्यापुढं अजून चार मिनिटं बाकी होती. आता कार्ड बहिणीच्या हातात. ती एम.एस्सी. झालेली, सगळं कार्ड मोठ्यानं वाचते, वेटरला आठ प्रश्न विचारते, कशात किती मीठ, किती तेल, आणि भावाला ऐकवते, "वाचून मागवावं माणसानं." येतं ते नेमकं मिरच्यांचं जाळ ताट, तिच्यापुढं. म्हाताऱ्यानं बोट ठेवून मागवलेला मात्र साधा भात निघतो. तिला कबूल करता येत नाही, कारण तिनं सगळं वाचलेलं असतं. एक घास खाते, डोळ्यांतून पाणी. म्हातारा बघतो आणि म्हणतो, "मला तुझंच खायचंय. दे इकडं, माझं तू घे." आणि ते सगळं ताट एकटा संपवतो, नाक पुसत, मध्येच म्हणतो, "मीठ कमी आहे." हॉल आधी हसतो, मग शांत होतो, मग टाळ्या वाजतात. त्याच टाळ्या मी पार्किंगमध्ये उभा राहून मोजत होतो.

ते वाक्य माझं नव्हतं. मालूचं होतं... टॅब मांडीवर ठेवून मी बसून राहिलो तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी तिला माझं ताट नकोच होतं. मला इंग्रजी वाचता येत नाही हे तिला ठाऊक होतं, केव्हापासून कोण जाणे, आणि मला कळू न देता सोडवायचा तिला तेवढाच मार्ग दिसला. स्किट लिहिताना तिनं तो चांगुलपणा माझ्या पात्राला देऊन टाकला आणि हसं स्वतःचं करून घेतलं. वर मी सगळं बघूनही रुसलोय, असं समजून ती सात महिने गप्प राहिली होती. केदारच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच होतं. तिला असं लपूनछपून सोडवायचं नव्हतं, मी एकदा तरी तिच्याकडं मदत मागावी एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या खोलीत आरामखुर्चीत होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. मी वही घेऊन समोर बसलो. आदल्या दिवशी सगळं नव्यानं चार पानांत लिहून काढलं होतं. त्यातली बहीण दिवसभर भावाला मदत करायला बघते आणि भाऊ प्रत्येक वेळी असं दाखवतो की तोच तिच्यावर उपकार करतोय. मी म्हटलं, "मालू." सात महिन्यांत हे नाव मी घेतलं नव्हतं. पुढचं वाक्य त्याहून अवघड होतं. "मला हे जमत नाही. मदत कर."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग वहीकडं. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. चारही पानं, एका दमात. ती डोळे मिटून ऐकत होती, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "दुसरं पान कापून टाक, अण्णा. तिथं तू तुझी बाजू मांडतोयस."

एवढंच. माफी नाही, रडणं नाही. मी तिच्यासमोर ते पान फाडलं. मग तिनं विचारलं, "बहिणीला काय हवंय ते तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. काल शेवट बघितला." "म्हणजे? तू शेवट बघितलाच नव्हतास?" "कार्ड उलटं धरलं तेव्हाच उठलो." ती इतकी हसली की नळी निसटली, रिया स्वयंपाकघरातून धावत आली. "ते उलटं कार्ड मी लिहिलेलंच नाही! त्या अभिजितनं ऐनवेळी घुसडलं, मी विंगेत कपाळाला हात लावला." "मग सांगायचंस." "बोलत होतास तू?" मग म्हणाली, "अर्ध्यातून उठून जाणारा माणूस तू, आणि नाटक लिहायला निघालास!"

त्यानंतरचे तेवीस दिवस आम्ही रोज सकाळी काम केलं. तिला दम लागायचा, म्हणून दहा मिनिटं काम, वीस मिनिटं गप्प. तिनं मला फार काही शिकवलं असं नाही. पहिलं वाक्य उशिरा सुरू करतोयस, म्हणायची. हशा आला की लगेच पुढं जाऊ नकोस, लोकांना हसू दे, म्हणायची. मी म्हणायचो, "मला शिकवू नकोस," आणि तसंच करायचो. सात वेळा लिहून झाल्यावर ते पुण्याला गेलं आणि केदारनं घेतलं. त्यानं नावं विचारली, तर मालू म्हणाली, "मोठ्याचं आधी." मी म्हटलं, "जी लेखिका आहे तिचं आधी." दोन दिवस त्यावर वाद. रिया डोक्याला हात लावून म्हणाली, "ओ माय गॉड, नॉट अगेन!" शेवटी तिचं नाव आधी लागलं, पण ते तिनं हरून कबूल केलं नाही. "बरं, तुझं मन मोडत नाही," म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी बाहेर डबा आणायला गेलो होतो तेवढ्यात.

लोक भेटायला आले, पाणावलेल्या डोळ्यांनी बोलले. मला रडू आलं नाही असं नाही, पण त्यात ओझं नव्हतं. आता सकाळी उठल्यावर कुठल्याही दाराशी उभं राहावं लागत नाही. ऐकायचं होतं ते ऐकून झालंय.

परवा पुण्याहून व्हिडिओ कॉल होता. आमच्या भागाची तालीम चाललीय. बहिणीचं काम करणारी नटी तिशीची, चुणचुणीत. तिनं विचारलं, "काका, मालूताई रागावल्या की काय करायच्या? स्क्रिप्टमध्ये नुसतं 'रागावते' लिहिलंय." मी सांगायला गेलो आणि शब्द सापडेनात. मग मालू काढायची तसा मी माझा चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं सावकाश पुसला, आधी डावी काच, मग उजवी, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कॅमेऱ्याकडं बघितलं. समोरचा माणूस एवढ्या वेळात थोडा तरी सुधारला का, हे तपासावं तसं. पुण्यात सगळे खदखदून हसले. केदार म्हणाला, "काका, परत." मी परत केलं. ती पोरगी स्वतःचा चष्मा घेऊन माझ्याबरोबर करायला लागली, आधी उजवी काच पुसायला निघाली. मी तिला थांबवून म्हटलं, "डावी आधी." तिसऱ्यांदा केलं तेव्हा जमलं तिला.

कॉल बंद करायला हात पुढं केला, तर रिया दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. हातात गाडीची किल्ली, कामाला निघाली होती.

"मामा," म्हणाली, "वन मोअर टाइम."

मी चष्मा काढला, पुसला, चढवला आणि तिच्याकडं बघितलं. या वेळीही हशा आला. मी लगेच पुढं काही बोललो नाही. तिला हसू दिलं.